पिनांगचं हसू

१

ओरांगउटानचं पिल्लू हसतं तेव्हा आवाज असा फारसा होत नाही. नुसता श्वास असतो. कोरडा, भरभर, बारीक करवत चालवल्यासारखा. नवी बाई कामाला लागली की पहिल्यांदा घाबरतेच, पिल्लाला धाप लागली म्हणून. मग तिच्या लक्षात येतं की आपलंच बोट त्याच्या काखेत आहे आणि स्वारी खुशीत आहे.

माझं नाव कामेलोह. नदीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला, आया मारल्या गेलेल्या पिल्लांचं एक केंद्र आहे. तिथे मी पिल्लं वाढवते. दूध पाजायचं, डायपर बदलायचा, हातगाडीत घालून झाडांपर्यंत न्यायचं, वर चढायला लावायचं, संध्याकाळी परत आणायचं. गुदगुल्यासुद्धा आमच्या कामातच येतात. नवं आलेलं पिल्लू कितीतरी दिवस दगडासारखं बसून असतं. खात नाही, बघत नाही. ज्या दिवशी ते काखेत बोट घातल्यावर हसतं, त्या दिवशी आम्ही बायका एकमेकींना सांगतो, हे जगणार.

हसताना त्यांचे वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात. भीती वाटली की ओठ मागे ताणले जातात आणि वरखालचे सगळे दात उघडे पडतात. परक्या माणसाला दोन्ही हसूच वाटतं. आम्हाला नाही वाटत.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि दलदलीची, कुजलेल्या पाल्याची जमीन आतून पेटली. वर ज्वाळा नाहीत, खाली मैलोन्‌मैल धुमसतंय. भर दुपारी आभाळ हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. नदीवरच्या होड्या बंद, शहराचा रस्ता बंद. सगळ्यांत लहान चार पिल्लं आणि आम्ही दोघी, मी आणि एन्सी, यांना पिल्लांच्या खोलीत बंद करण्यात आलं. खिडक्यांना बाहेरून गज होतेच. त्यांच्या काचांवर प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. दाराच्या फटीत ओली फडकी. हवा गाळायचं एक यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. दाराला कडी बाहेरूनच होती, कारण आतली कुठलीही कडी ही पिल्लं बघता बघता उघडायला शिकतात. केंद्राचे रखवालदार दहेनमामा सकाळ-संध्याकाळ भात आणि दुधाची पावडर आणून देत, तेव्हा दार क्षणभर उघडायचं आणि लगेच बंद व्हायचं. मधल्या वेळात ते आग विझवणाऱ्यांसोबत पाण्याच्या नळ्या ओढत असायचे.

अशाच एका दुपारी दूध पाजून झालं होतं. चारही पिल्लं आपापल्या टोपलीत आडवी झाली होती. मी डायपरच्या घड्या घालत होते. मागून करवतीचा आवाज आला.

"एन्सी, झोपू दे गं पिनांगला. दूध उलटेल तिचं."

"मी काय केलं?" एन्सीचा आवाज मोरीतून आला. ती बाटल्या धूत होती.

मी वळून पाहिलं. पिनांग पाठीवर पडली होती. चौघांत तीच सगळ्यांत नाजूक, छातीनं कमजोर. एक हात डोक्यावर घेऊन, काख उघडी टाकून, हनुवटी छातीशी घट्ट दाबून ती हसत होती. जवळ कुणी नव्हतं.

२

आधी मला गंमत वाटली. एन्सीला बोलावून दाखवलं. ती ओले हात झग्याला पुसत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मीना, तुझा नवरा आला असेल धुरातून लपतछपत. बायकोला गुदगुल्या करायच्या, तर अंधारात चुकून हिला केल्या."

आमच्या भाषेत मावशीला मीना म्हणतात. एन्सी माझ्या नात्यातली नव्हती, पण कामाला लागल्यापासून तिनं मला मीनाच केलं होतं. नवीन लग्न झालेलं, सतत जिभेवर काहीतरी खोडी. कोंडून घ्यायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या बायकांनी तोंडं वाकडी केली, ही म्हणाली, मीना असेल तर मी आहे.

"माझ्या नवऱ्याला एवढी हौस असती तर काय हवं होतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. पिनांग थांबली. आमच्याकडे नाही, टोपलीच्या कडेपलीकडे बघत राहिली. तिथे भिंत होती.

संध्याकाळी केंद्राचे डॉक्टर बिंतोरो यांचा फोन आला. ते शहरात अडकले होते. रोज खोकत खोकत चौकशी करायचे, मला मानानं ईबू, म्हणजे बाई, म्हणायचे. मी सांगितलं.

"ईबू कामेलोह, माणसाचं बाळ झोपेत हसत नाही का?"

"हसतं, डॉक्टर. पण काख वर करत नाही."

"स्वप्नात करत असेल. दूध किती प्यायली ते सांगा."

मी दूध सांगितलं. फोन ठेवल्यावर मी मोरीत गेले, दार लोटलं आणि स्वतःच्या काखेत बोटं घालून बघितली. बरगड्यांवरून फिरवली. काही होत नाही. आपल्याला आपण गुदगुल्या करूच शकत नाही. दुसऱ्याचं बोट लागतं, आणि ते कधी, कुठे टेकेल हे आपल्याला ठाऊक नसावं लागतं. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी तिथे बराच वेळ उभी राहून करून बघत होते.

३

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना झालं.

एकदम नाही. पिनांग थांबली की शेजारच्या टोपलीतला रोतान सुरू. रोतान थांबला की त्याच्या पलीकडचं. मग शेवटचं. मग जरा शांतता, आणि पुन्हा पिनांग. आम्ही दुधाच्या बाटल्या घेऊन ज्या ओळीनं फिरतो त्याच ओळीनं. मी मध्ये स्टूल टाकून बसले आणि नीट बघायचं ठरवलं. धुरानं हवेत काही मिसळलं असेल, चौघांना एकच ताप असेल, एकाचं बघून दुसरं करत असेल. मनाशी सगळं मांडून झालं. मग माझ्या लक्षात आलं की ती एकमेकांकडे बघतच नाहीत. प्रत्येक पिल्लू आपल्या टोपलीच्या कडेकडे बघतं, थोडं वर. आपण वाकलो की आपला चेहरा जिथे येतो, तिथे.

मी उठले आणि पिनांगच्या पोटावर तळहात ठेवला. हसणं जागीच थांबलं. तिनं माझं बोट इतकं घट्ट धरलं की नख रुतलं. आणि रोतान सुरू झाला.

पलीकडे एन्सी भात वाढून घेत होती. तिच्या हातात डाव तसाच राहिला.

"मीना, आई असेल गं त्यांची."

"चौघांच्या चार आया होत्या."

"मग त्यांतली एखादी. धुरानं वाट चुकून आली असेल. बघ ना, किती लाड चाललेत." तिचा आवाज मऊ झाला होता. तिला त्यात बरं वाटत होतं आणि मलाही ते बरं वाटून घ्यावंसं वाटलं. आम्ही त्या पिल्लांना काहीही दिलं तरी आम्ही आई नव्हतो. खरी कुणी आली असेल तर तिला कशाला अडवायचं?

म्हणून आम्ही जेवलो. भात, मिरचीची चटणी, वाळवलेली मासळी. मागे हसणं चालू होतं. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत.

दुपारनंतर पिनांगनं दूध नाकारलं. बाटली तोंडाशी नेली की हसू यायचं आणि दूध नाकातून बाहेर. तिचं पोट आत गेलं होतं, बरगड्या पिंजऱ्यासारख्या वरखाली होत होत्या. मी तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं.

आवाज हसण्याचाच होता. तसाच भरभर, तसाच कोरडा. पण ओठ मागे ओढलेले होते. वरखालचे सगळे बारीक दात उघडे होते.

"एन्सी," मी म्हटलं, "ही आई नाही."

"कशावरून?"

"आई थांबते."

४

झोळीसारखं बांधायला आमच्याकडे लांब कापडं होती. मी पिनांगला छातीशी बांधलं, तिचा चेहरा माझ्या गळ्यात. तिला काही झालं नाही. अंगाशी घट्ट असलेल्याला ते हात लावत नव्हतं. तेवढी जागाच त्याला मिळत नसावी. मग रोतानला पाठीवर घेतलं. एन्सीनं उरलेली दोघं घेतली, एक पुढे एक मागे.

खोली गप्प झाली. फक्त यंत्राची घरघर.

आम्ही भिंतीला न टेकता, एकमेकींसमोर, चटईवर मांडी घालून बसलो. टेकलं तर पाठीवरचं चेंगरेल. खिडकीच्या प्लॅस्टिकवर पिवळा उजेड थांबला होता, सकाळ की संध्याकाळ कळत नव्हतं. पिनांग झोपली. तिचं हृदय माझ्या हृदयावर ठोके देत होतं. मला वाटलं, जमलं. दहेनमामा येतील तेव्हा सांगू, दुसऱ्या खोलीत हलवा म्हणून. काय कारण सांगायचं ते नंतर बघू.

"मीना, काढ ना हात," एन्सी म्हणाली.

मी डोळे उघडले. माझा एक हात पिनांगच्या पाठीवर होता, दुसरा मागे रोतानच्या पायाला धरलेला.

"कुठला हात?"

एन्सीनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या. तिचेही दोन्ही गुंतलेले होते. तोंडावरच्या मास्कखाली तिचे गाल फुगले. तिला हसू आवरेना झालं, आपल्याला भर प्रार्थनेत येतं तसं. तिनं कोपर अंगाशी दाबलं, खांदा कानाशी नेला.

"नको, नको ना... मीना, अगं..."

"एन्सी, उठ. चाल. फिर खोलीत."

ती उठली. दोन पावलं गेली आणि गुडघ्यावर बसली. हसत होती. मोठ्यानं हसत होती, तिचं नेहमीचं खिदळणं, ज्याच्यावरून आम्ही तिला चिडवायचो. तिच्या छातीवरचं पिल्लू डोळे विस्फारून तिच्या तोंडाकडे बघत होतं. मी तिच्या समोर बसले, तिचे खांदे धरले. तिचे डोळे हसत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. पाण्यात बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसे.

तेव्हाच मी ते पाहिलं. तिच्या झग्याचं कापड घामानं अंगाला चिकटलं होतं. काखेखाली, बरगड्यांवर, ते कापड आत दबत होतं. शेजारी शेजारी, लांब लांब खळगे. आमच्या बोटांपेक्षा लांब. ते एकामागून एक उमटत खाली गेले, कमरेपर्यंत, आणि परत वर आले. सावकाश. दुसऱ्याचा आकांत ऐकू येत असूनही ज्याला काहीही घाई नाही, त्याच्यासारखे.

मी तिच्या बगलेत माझा हात खुपसला. तिथे काही नव्हतं. हसणं सुरूच राहिलं.

५

मी दाराकडे धावले आणि मुठी आपटल्या. "दहेनमामा! दार उघडा! दहेनमामा!" बाहेर नुसता धूर. मग फोन आठवला. खिशातून काढून डॉक्टरांना लावला.

ते लगेच बोलले. मी तोंड उघडलं, आणि माझ्या मानेवर, कानाच्या मागे, काहीतरी टेकलं.

ते कसं होतं हे मी अजून आठवून बघते. गार नव्हतं. ओलं नव्हतं. खरं सांगायचं तर प्रेमानं केल्यासारखंच होतं. हलकं, ओळखीचं. लहानपणी मोठ्या बहिणी मागून येऊन करायच्या तसं. म्हणूनच अंगाला कळलंच नाही की घाबरायचं आहे. अंग हसलं. मी हसले.

"हॅलो? ईबू कामेलोह?"

मला म्हणायचं होतं, दार उघडायला सांगा. माझ्या तोंडून "दा... दा..." निघालं आणि पुढे हसू. मागे एन्सी किंचाळत हसत होती.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले, आणि तेही हसायला लागले. खोकत खोकत हसले. "बरं झालं, कुणीतरी मजेत आहे. इथे सगळे सुतकी चेहरे करून बसलेत. काय झालं, सांगा तरी!"

मी नाही नाही म्हणत होते. नाही नाही नाही, असं हसताना माणूस म्हणतोच.

"चालू द्या तुमचं. मी नंतर करतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

माझा श्वास आत जातच नव्हता. बाहेर, बाहेर, नुसता बाहेर. छातीशी पिनांग जागी झाली होती आणि माझ्या प्रत्येक उसळीबरोबर गदगदत होती. मी भिंत धरत खिडकीपर्यंत गेले. प्लॅस्टिकपलीकडच्या पिवळ्या धुरातून एक आकृती येत होती. खांद्यावर नळीचं वेटोळं, चेहऱ्याला ओलं फडकं. दहेनमामा. मी काचेवर हात आपटले. ते थांबले. प्लॅस्टिकमधून त्यांना आम्ही धूसर दिसत असणार, पिल्लं अंगावर बांधलेल्या दोन बायका, हलणाऱ्या, डोलणाऱ्या. आवाज मात्र स्पष्ट जात होता.

त्यांनी फडकं खाली केलं. काजळी माखलेल्या चेहऱ्यावर हसू होतं. कितीतरी दिवसांत त्यांना कुणाचं हसणं ऐकायला मिळालं नसेल. त्यांनी हात हलवला.

"नाचताय होय गं पोरींनो! नाचा, नाचा!"

आणि ते पुढे गेले.

तेव्हा मला कळलं की या खोलीत आम्ही मेलो तरी बाहेर कुणालाही ते बरंच वाटेल.

एन्सीचा आवाज बारीक होत चालला होता. ती आडवी पडली होती, कुशीवर, पिल्लं चेंगरू नयेत म्हणून तेवढ्यातही एका कोपरावर तोललेली. तिच्या हसण्यातला स्वर गेला होता. उरला होता फक्त श्वास, कोरडा, भरभर. आमच्या पिल्लांसारखा.

बाटल्या उकळायचं जाड पातेलं कट्ट्यावर होतं. काच फोडली तर गजांतून बाहेर पडता येणार नव्हतं हे मला माहीत होतं. धूर मात्र आत येणार होता, आणि पिनांगच्या छातीला तो झेपणार नव्हता हेही माहीत होतं. विचार केला असं म्हणता येणार नाही. मी पातेलं दोन्ही हातांनी उचललं, त्यातलं पाणी माझ्याच पायांवर सांडलं, आणि ते काचेवर फेकलं.

काच फुटली. प्लॅस्टिक फाटून लोंबलं. धूर आत आला, जाड, जळक्या मातीच्या वासाचा. दहेनमामा मागे वळल्याचं मी पाहिलं. नळी टाकून ते धावत आले आणि त्यांनी बाहेरची कडी काढली.

६

डॉक्टर बिंतोरो आग विझवणाऱ्यांच्या दोन होड्या बदलून दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांनी खोली बघितली, फटींतली फडकी काढून बघितली, यंत्र उघडून बघितलं. मग माझ्यासमोर बसले.

"चूक आमची आहे. खोली इतकी बंद केली की आतली हवाच विटली. डोक्याला हवा कमी पडली की माणसाला असं होतं. हसतो, रडतो, नाही ते दिसतं. पिल्लांना आधी झालं, ती लहान म्हणून."

"आणि कापडावरचे खळगे?"

"ईबू, तुम्हीही तीच हवा घेत होता."

मी मान हलवली. त्यांचं बोलणं अगदी बरोबर बसत होतं. आजही कुणाला सांगायचं झालं तर मी तेच सांगते. विटलेली हवा.

पिनांग गेली. धुरानं तिची छाती भरली आणि औषधांनी उतरली नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या मांडीवर होती. मी तिच्या काखेत बोट घातलं नाही. नुसता हात ठेवला. मला पुन्हा निवड करायला सांगितली तरी मी काच फोडेन. कारण धूर निदान थांबतो. ढग भरून आले, पाऊस पडला, आणि तो थांबलाच.

रोतान आणि बाकीची दोघं जगली. झाडांवर गेली. त्यांना आम्ही गुदगुल्या करत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. आमच्यातली एकही बाई करत नाही, एवढंच.

एन्सी बरी होऊन नवऱ्याबरोबर नदीच्या वरच्या गावी निघून गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा जिभेवर एकही खोडी नव्हती. मी तिला जवळ घेतलं, आणि माझे हात तिच्या बरगड्यांना लागताच आम्ही दोघी एकदम मागे सरकलो.

७

तिला मुलगी झाल्याचं कळलं. हिशोब केला तर त्या खोलीत असताना ती पोटात होती, एन्सीलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. नदीला पाणी चांगलं आल्यावर मी भेटायला गेले. सकाळच्या होडीनं पोचले, परतीची होडी दुपारनंतर होती.

नवरा मासे धरायला गेला होता. एन्सीनं मला स्वयंपाकाच्या खोलीत बसवलं. चुलीवर भात, शेजारी वेताचे कोवळे कोंब मासळीत शिजत होते. ती अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं. ती सासूच्या तक्रारी सांगत होती, मी केंद्रातल्या बायकांच्या सांगत होते. मला वाटलं, सुटली ही. आम्ही सुटलो.

आतल्या खोलीत छताला झोळी टांगली होती. त्यातून हसणं आलं. लहान बाळाचं हसणं, माणसाचं, खळखळून.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

 एन्सी डावानं कोंब हलवत राहिली. हसणं वाढत गेलं. मध्ये उचकी आली, पुन्हा वाढलं.  मी उठणार एवढ्यात तिनं मान आतल्या खोलीकडे वळवली आणि हळूच म्हणाली,

"बास. दमली ती."

हसणं थांबलं. जागच्या जागी.

"एन्सी..."

"शिकलंय आता," ती म्हणाली. "आधी ऐकायचं नाही. किती रात्री मी तिला अंगावर बांधून बसले असेन, नवऱ्याला वाटायचं वेड लागलं. मग मला कळलं की त्याला थांबायचं ठाऊकच नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं की ऐकतं." तिनं भाताचं झाकण काढून बघितलं. "वाईट नाही गं ते, मीना. त्याला फक्त हसणं आवडतं. घरात कुणी हसलं नाही की कावरंबावरं होतं, आणि मग माझ्या पोरीकडे जातं. ती लहान आहे. तिला दिवसभर नाही जमत. मलाही आता पूर्वीसारखं येत नाही हसू."

मी दाराकडे बघितलं. दारापलीकडे लाकडी धक्का होता, धक्क्यापलीकडे रिकामी नदी. होडीला वेळ होता.

"तू आलीस ते बरं केलंस," एन्सी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या थोडं वर, मागे, बघत होती. तिचा चेहरा दमलेला होता, आणि त्यावर खरंखुरं प्रेम होतं. "थोडंसंच. पोरगी झोपेपर्यंत. मी आहे ना इथे. मी म्हणेन बास."

माझ्या कानामागे ते टेकलं. हलकं, ओळखीचं.

मी हसायला लागले. एन्सी चुलीपाशी वाकली, भाताखालचा जाळ ओढून घेतला, झाकण पुन्हा नीट बसवलं. मग आत जाऊन झोळी हलवू लागली. मी चटईवर कोपर अंगाशी दाबून, तोंडावर हात धरून, ती तो एक शब्द कधी उच्चारते याची वाट बघत होते. आतून झोळीच्या दोरीचा संथ कुरकुराट येत होता. तिला घाई दिसत नव्हती.